तोंडावरचा माणूस

सोनटक्के मॅडम आमच्या ओट्यावर येऊन टेकल्या तेव्हा मी सुपात ज्वारी पाखडत होते, आणि आमचे मालक आत भिंतीकडे तोंड करून झोपेचं सोंग घेऊन पडले होते. बाई पाणीपुरवठ्याच्या इंजिनिअर, नगरपालिकेत नव्यानेच आलेल्या. उन्हाने तोंड लालेलाल झालेलं आणि चपला चिखलाने भरलेल्या. मी तांब्याभर पाणी दिलं. ते वरूनच गटागटा पिऊन त्यांनी तोंड पुसलं आणि म्हणाल्या, रंगनाथना उठवा, ते जागे आहेत हे मला ठाऊक आहे.

मला हसूच आलं. कितीतरी वर्षांत आमच्या ओट्यावर कोणी येऊन बसलं नव्हतं, आणि ही बाई आली ती थेट आतला माणूस ओळखूनच. मी आत जाऊन मालकांचा खांदा हलवला. ते उठून बसले, पण बाहेर काही आले नाहीत. मग मॅडम उंबऱ्याबाहेरून आणि मालक आतून, असं त्यांचं बोलणं झालं, आणि मधे मी सूप घेऊन उभी.

आमच्या वस्तीचं नावच टाकीखाल. गावाला पाणी देणारी उंच टाकी आहे ना, तिच्या पायाशी आमची पत्र्याची घरं. टाकी बांधायला जे मजूर आले ते तिथेच राहिले आणि पाण्याचीच कामं करू लागले. पाइप टाकणं, गळती काढणं, पाणी सोडायचा-तोडायचा वॉल फिरवणं, सगळं आमच्याच माणसांनी करायचं. नोकरीत पक्कं कोणीच नाही, सगळे रोजंदारीवर. तरी कोणाच्या नळाला पाणी आलं नाही की लोक हाका मारत टाकीखाली यायचे, आणि आमच्या माणसांनाही त्याची ऐट होती.

पण ती जुनी गोष्ट झाली. मॅडम आल्या तेव्हा वस्तीतला एकही पोरगा पाण्याच्या कामावर नव्हता. उरले होते ते म्हातारे; एकाला ऐकू येत नाही, तर एकाचे गुडघे गेलेले. नदीकाठी नवं शुद्धीकरण केंद्र उभं राहत होतं, आणि ते चालवायला माणूस मिळेना. बाहेरची पोरं यायची आणि आठ दिवसांत पळून जायची. मॅडमनी वस्त्या-वस्त्यांतून भोंगा लावून रिक्षा फिरवली, की पोरांनो या, पाण्याचं काम शिका, शिकताना हातखर्च देऊ. बाकीच्या वस्त्यांतून थोडेफार आले. ज्या वस्तीने तीन पिढ्या हेच केलं, त्या आमच्या टाकीखालून कोणी म्हणजे कोणी गेलं नाही. मॅडमनी सभा घेतली तर बिस्किटं खायला लहान लेकरं तेवढी जमली. मग त्यांनी कारण शोधून काढलं आणि त्या आमच्या दारात आल्या.

कारण म्हणजे लिंबाजी. आणि लिंबाजीचं नाव घेतलं की आमच्या मालकांचं येतंच.

चेंबरात उतरायचं काम जोडीने करायचं, अशी आमच्यात रीत. चेंबर म्हणजे जमिनीत बांधलेली खोल चौकोनी विहीरच म्हणा, तळाशी मोठा वॉल. एक जण खाली उतरतो. दुसरा वर, चेंबरच्या तोंडावर थांबतो. उतरणाऱ्याच्या कमरेला दोर आणि दोराचं टोक तोंडावरच्याच्या हातात. जोडी जमवायची तर पहिल्या दिवशी दोघांनी एका ताटात जेवायचं, आणि तेही तोंडावरच्याच्या घरी. ताट उतरणाऱ्याच्या घरून यायचं आणि वाढायचं तोंडावरच्याच्या बायकोने. का, तर उतरणाऱ्याचा जीव त्या घराच्या हवाली केलेला असतो. मी नवी नवरी असताना लिंबाजीला याच हातांनी वाढलं होतं. त्याची बायको गयाक्का दारात बसली होती, मला चिडवत होती, की भाकरी जाड झाली गं शेवंते, माझा माणूस खाली जड व्हायचा.

पुढे नाल्याकाठच्या जुन्या चेंबरात लिंबाजी उतरला आणि वर आला नाही. बरेच दिवस झाकण न काढलेलं ते चेंबर, आत घाण वायू साठलेला. मालकांनी दोर ओढला तर रिकामाच दोर वर आला. जिल्ह्याहून बंब आला तेव्हा कुठे लिंबाजीला बाहेर काढलं. एवढंच सगळ्यांना माहीत होतं, आणि मलाही तेवढंच. सुमी माझ्या पोटात होती.

दहाव्याला नदीवर पिंडाला कावळा शिवेना. भाताकडे बघतसुद्धा नव्हते कावळे. तेव्हा लिंबाजीचा चुलतभाऊ माणिक पाण्यात उभा राहून बोलला, की लिंबाजी, आजपासून टाकीखालचा एकही पोरगा चेंबरात उतरणार नाही, जा सुखाने. कावळा शिवला. त्या दिवशी वस्तीने दोन गोष्टी धरल्या. एक तो शब्द, आणि दुसरी म्हणजे रंगनाथ आपल्या जोडीदाराला टाकून वर राहिला. लोक मालकांना 'वरचा' म्हणायला लागले. कोणी त्यांच्याशी जोडी करेना. शेवटी नगरपालिकेनेच त्यांना पंपघरावर मोटार चालू-बंद करायला बसवलं. मला कोणी हळदीकुंकवाला बोलवेना. सुमी सहावीत गेली तरी शाळेत तिला 'वरच्याची' म्हणत. ती घरी येऊन सांगायची नाही, पण लेकराच्या तोंडावरून आईला कळतं.

आणि मालकांचं तोंड शिवलेलं. मी रडून विचारलं, भांडून विचारलं, उपाशी राहून विचारलं, की अहो, झालं काय होतं ते मला तरी सांगा. ते म्हणायचे, जे झालं ते झालं. गयाक्काचंही तसंच. तिने कधी शिवी दिली नाही की शाप दिला नाही. नळावर समोर आली तर कळशी उचलून निघून जायची. शिव्या दिल्या असत्या तर मी बरोबरीने भांडले तरी असते. या गप्प बसणाऱ्या दोघांनी माझा जीव खाल्ला होता.

तर मॅडमचं म्हणणं असं, की रविवारी समाजमंदिरात पुन्हा सभा घेऊ, आणि पोरांना काय शिकवायचं ते रंगनाथनीच उभं राहून सांगावं. मालक आतून म्हणाले की मी उभा राहिलो तर असलेली माणसंही उठून जातील. मॅडम म्हणाल्या, जाऊ देत. पण ते काम किती वाईट होऊ शकतं हे ज्याने पाहिलंय, त्याच्याशिवाय दुसऱ्याने सांगितलेलं मला चालणार नाही. आणि जाता जाता त्यांनी एक गोष्ट सांगितली. गयाबाईंचा दिगंबर चोरून ऑफिसात येऊन गेलाय. त्याला काम शिकायचंय.

मालक तेव्हा बाहेर आले. उघड्या अंगाने, दाराची चौकट धरून उभे राहिले. दिगू म्हणजे गयाक्काचा एकुलता एक. बारावी होऊन मांडववाल्याकडे खांब रोवायच्या कामावर जात होता.

"त्याच्या आईला माहीत आहे का?" मालकांनी विचारलं.

मॅडम म्हणाल्या, त्याने तरी सांगितलेलं नाही.

मालक सभेला यायला कबूल झाले. मी मनातल्या मनात देवाला हात जोडले. मला नवं केंद्र नको होतं की कोणाची नोकरी नको होती. या माणसाने एकदा, एकदाच, त्या सगळ्यांसमोर मान वर करून उभं राहावं आणि माझ्या सुमीने ते बघावं, एवढ्यावर माझा जीव अडकला होता.

रविवारी दुपारी समाजमंदिर गच्च भरलं. काम शिकायला आलेले कमी, तमाशा बघायला आलेले जास्त. माणिक पुढेच पायावर पाय टाकून बसलेला. गयाक्का मागे बायकांत, भिंतीला टेकून. मी सुमीला घेऊन दाराशी उभी राहिले, म्हणजे वेळ आलीच तर पटकन निघता येईल.

मॅडम बोलल्या ते मला आवडलं. त्यांनी गोड लावलं नाही. पक्क्या नोकरीचा शब्द मी देऊ शकत नाही, म्हणाल्या. पण हवा तपासल्याशिवाय कोणी उतरणार नाही, पंखा लावून आतला वायू काढल्याशिवाय उतरणार नाही, आणि अंगावर पट्टा असल्याशिवाय उतरणार नाही, हे माझ्या सहीने होईल. एका म्हाताऱ्याने विचारलं की बाई, ही यंत्रं इतकी वर्षं कुठे होती. मॅडम खोटं बोलल्या नाहीत. नव्हती, म्हणाल्या, आणायला पाहिजे होती.

मग मालक दोर घेऊन उठले. लोकांत कुजबूज झाली. मागून कोणी तरी हळूच 'वरचा' म्हटलं आणि चार पोरं हसली. मालकांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं, पण त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झालेल्या मला दारातून दिसल्या. त्यांनी विचारलं की दोर बांधून दाखवायला कोणी पुढे येतं का. कोणी हललं नाही. आणि मग दिगू उठला.

सगळ्या माना आधी दिगूकडे आणि लगेच गयाक्काकडे वळल्या. ती तशीच बसून. मालकांनी पोराच्या कमरेला दोर बांधला. गाठ मारली, ओढून बघितली, सोडून पुन्हा मारली. बांधून झाल्यावर ते पोरांना सांगायला लागले, आणि किती वर्षांनी त्यांचा तो कामावरचा आवाज मी ऐकला. म्हणाले, आमच्या लोकांची एक खोड होती. खाली पोचलं की दोर सोडायचा आणि वॉलच्या दांड्यावर नुसता टाकून ठेवायचा, कारण चावी फिरवताना दोर पायात येतो. सगळेच सोडत होते. मीही सोडायचो. त्या दिवशी लिंबाजीनेही सोडला, म्हणून मी ओढला तर दोर रिकामा आला. खाली गेल्यावर दोर सोडायचा नाही. पायात आला तर येऊ द्या.

लिंबाजीचं नाव या तोंडून कोणी कधी ऐकलं नव्हतं.

"आणि दुसरी गोष्ट," मालक म्हणाले. "खालचा बोलायचा बंद झाला तर तोंडावरच्याने उतरायचं नाही. दोर ओढायचा, माणसं बोलवायची. उतरायचं नाही."

माणिक उभा राहिला. त्याला तेवढंच पाहिजे होतं.

"हे तू शिकवणार होय रे, रंगनाथ? माझा भाऊ खाली तडफडत होता आणि तू वर बसून दोर गुंडाळत होतास. आता आमच्या पोरांनाही तेच शिकव. जोडीदार मरू दे, आपण वर राहा."

मालक दिगूच्या कमरेचा दोर तसाच हातात धरून उभे राहिले. सुमीने माझा पदर मुठीत धरला. मला असं वाटलं की पुढे जावं आणि माणकाच्या झिंज्या उपटाव्यात, आणि त्याच वेळी असंही वाटलं की अहो, एक शब्द तरी बोला, दगड आहात का तुम्ही. मी सुमीला घेऊन निघायला वळले.

"तो दोर गुंडाळत नव्हता, माणिक."

गयाक्का उठली होती. आवाज मोठा नव्हता तिचा, पण ती बोलते आहे याचंच लोकांना एवढं नवल, की मागे रडणारं तान्हं लेकरूसुद्धा त्याच्या आईने बाहेर नेलं.

"मी भाकरी घेऊन गेले होते. रोज जायचे तशी. मी पोचले आणि दोर रिकामा वर आला. भाऊजींनी हाका मारल्या, खालून काही आलं नाही. भाऊजींनी पाय आत टाकला होता. मी मागून कमरेला मिठी मारली आणि सोडलंच नाही." ती थांबली. तिने पदराने तोंड पुसलं. "खाली माझा नवरा होता आणि मी याला धरून बसले. घरी शेवंता पोटुशी होती. एक घर बुडालं होतं, दुसरं कशाला बुडवू? सासू जिवंत होती तोवर मला हे बोलता आलं नाही. म्हातारी म्हणाली असती, तू माझ्या लेकाला मरू दिलंस. भाऊजींनी माझं नाव कधी घेतलं नाही. तुम्ही त्यांना वरचा म्हणालात आणि मी ऐकत राहिले."

माणिक उभाच होता. गयाक्काने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"मॅडम, माझ्या दिगूचं नाव लिहा. आणि त्याच्या तोंडावर भाऊजींना ठेवा. ताट मी उद्या पाठवते," ती म्हणाली आणि खाली बसली.

त्यानंतर काय झालं ते मला नीट आठवत नाही, कारण माझ्या डोळ्यांना धारा लागल्या होत्या. एवढं कळलं, की आणखी काही पोरं पुढे गेली. माणिक निघून गेला, पण त्याचा पुतण्या गेला नाही. जिने मला कधी दारात उभं केलं नव्हतं अशी एक बाई माझ्या पाठीवरून हात फिरवून गेली. आणि मालक मात्र दोर खाली टाकून मागच्या दाराने बाहेर पडलेले मी पाहिले. मला वाटलं, एवढ्या वर्षांचं साठलेलं, माणसाला लोकांसमोर रडू येईल म्हणून गेले.

मी घरी जाऊन चहा केला, किटलीत ओतला आणि पंपघराकडे निघाले. ऊन कलत होतं. मी चालत नव्हते, उडतच होते म्हणा ना. वाटेत भेटेल त्याच्याकडे मी मान वर करून बघत होते. मनात म्हणत होते, बघा आता, म्हणा वरचा, कोण म्हणतंय ते बघते मी.

मोटार बंद होती. मालक तिच्या चौथऱ्यावर गुडघ्यांत डोकं घालून बसले होते. मी चहा ओतला आणि बोलत सुटले. की अहो, एवढं मोठं मन तुमचं, दुसऱ्याच्या बायकोच्या इभ्रतीसाठी सगळ्या शिव्या खाल्ल्यात, मला तरी सांगायचंत, मी काय गावभर केलं असतं का. आणि सुमीचं तोंड कसं फुललं होतं. आणि हे, आणि ते.

"शेवंता," ते म्हणाले, "मी पाय टाकला नव्हता."

मला आधी कळलंच नाही.

"वहिनी म्हणाली ना, भाऊजींनी पाय आत टाकला होता. नव्हता टाकला. मी तोंडाशी बसलो होतो. खाली बघत होतो. तिने येऊन मागून धरलं ते खरं आहे. पण मी ओढ घेतली नाही. ती इतकी रडत होती की तिचे हात सैल पडले होते. एक हिसडा दिला असता तर सुटलो असतो." त्यांनी चहाचा कप माझ्या हातातून घेतला आणि तसाच खाली ठेवला. "मला बरं वाटलं गं. कोणीतरी मला धरलंय, आता उतरावं लागणार नाही, म्हणून बरं वाटलं. लिंबाजी खाली मरत होता आणि मला बरं वाटलं. हे मी कोणत्या तोंडाने सांगणार होतो?"

खरं सांगते, मला त्यांचा राग आला. तासाभरापूर्वी मला जे मिळालं होतं ते त्यांनी माझ्या हातातून काढून घेतलं म्हणून राग आला. मग वाटलं, उतरले असते तर सुमीला बाप नसता आणि मला हा माणूस नसता. ते वाटल्यावर मला स्वतःचीच लाज वाटली, कारण मलाही बरंच वाटलं होतं. आम्ही दोघं त्या बंद मोटारीशेजारी बसून राहिलो, आणि चहावर साय धरली.

थोड्या वेळाने ते म्हणाले की उद्या ती पोराला जेवायला पाठवेल. मी त्या ताटात हात कसा घालू? तिला वाटतं मी उडी मारणारा होतो. तिने तेवढ्या भरवशावर पोरगा दिलाय. ते म्हणाले, तू सांग तिला. मी म्हणाले, तुम्ही सांगा. ते म्हणाले, माझ्याच्याने होणार नाही. आणि मला माहीत होतं की खरंच होणार नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी गयाक्का स्वतःच आली. पुढे दिगू, अंघोळ करून, धुतलेला सदरा घालून. मागे ती, डोक्यावर पदर आणि हातात पितळी ताट, चिंचेने घासून लखलखीत केलेलं. मी ते ओळखलं. त्याच ताटात मी लिंबाजीला वाढलं होतं. मालक भिंतीशी बसले होते, अंगणातला दोर त्यांनी आणून शेजारी ठेवला होता. त्यांनी तिच्याकडे बघितलं नाही. मी गयाक्काचा हात धरला आणि तिला मागच्या चुलीकडे नेलं.

चुलीवर तवा तापला होता. मी पिठाचा गोळा हातात घेतला, आणि भाकरी थापायच्या आधीच सांगून टाकलं. मला लांबण लावता येत नाही.

"गयाक्का, ते म्हणतात त्यांनी पाय टाकला नव्हता. ओढही घेतली नाही म्हणतात. पोराला द्यायचं तर हे ऐकून दे."

गयाक्काने माझ्या हातातला गोळा घेतला आणि ती परातीपाशी बसली.

"मला ठाऊक आहे," ती म्हणाली. "हात माझेच होते ना."

मी तिच्या तोंडाकडे बघत राहिले. ती भाकरी थापत होती, गोल, पातळ, घाई न करता.

"मग सगळ्यांसमोर तसं का सांगितलंस?"

"त्या लोकांना पाय टाकलेला माणूस पाहिजे होता. दिला मी त्यांना. त्याच्याशिवाय त्यांनी दिगूला जाऊ दिलं नसतं." तिने भाकरी तव्यावर टाकली आणि वरून पाणी फिरवलं. "मला तसला नको. भावाच्या मायेने उडी टाकणारे इथे ढिगाने आहेत. उडी टाकली की दोन मेले आणि वर दोर धरायला कोणी नाही. मला भ्यालेला माणूस पाहिजे, शेवंते. ज्याला खाली जायची इतकी भीती वाटते, तो माझ्या पोराला दोर सोडू देणार नाही. आधी हवा बघेल, शंभरदा गाठ बघेल. तुझ्या नवऱ्याएवढा भ्यालेला माणूस या गावात दुसरा नाही."

मला रडू आलं. मी म्हणाले की तू माझं घर वाचवलंस, पोटातल्या लेकराचा विचार केलास, तुझे उपकार मी कसे फेडू.

गयाक्काने भाकरी उलटली. धुराने तिचे डोळे बारीक झाले होते.

"ते मला नंतर सुचलं," ती म्हणाली. "तू पोटुशी आहेस हे माझ्या डोक्यातसुद्धा नव्हतं तेव्हा. खालून आवाज येत नव्हता. हाही खाली गेला तर मी तिथे एकटी राहीन, एवढंच मला कळत होतं. मला त्या तोंडावर एकटं राहायची भीती वाटली, म्हणून धरलं."

तिने भाकरी विस्तवावर टाकून फुगवली, ताटात घातली आणि ताट माझ्या हातात दिलं. वाढायचं मलाच होतं. मी भाकरी, पिठलं, कांदा आणि मिरचीचा ठेचा वाढून ताट दोघांच्या मधे ठेवलं. दिगूने पहिला घास मोडला आणि रीतीप्रमाणे थांबला. मालकांनी माझ्याकडे पाहिलं. तिला सांगितलंस का, असं ते डोळ्यांनीच विचारत होते. मी मान डोलावली. त्यांनी दारात बसलेल्या गयाक्काकडे पाहिलं.

"जेवा भाऊजी," ती म्हणाली. "निवतंय."

मालकांनी उजवा हात ताटात घातला. डावा हात शेजारच्या दोरावर होता. मुठीच्या शिरा वर आल्या होत्या. पोरगं भुकेलेलं, ते जेवत होतं. मालक लहान लहान घास घेत होते, चावत होते, आणि जेवण संपेपर्यंत त्यांनी तो डावा हात उचलला नाही. गयाक्का ते बघत बसली होती. मग ती उठली आणि आणखी एक भाकरी टाकायला आत गेली.